गिळलेला नमस्कार: मड नावाच्या अक्षरी खेळाची गोष्ट

आजचा विषय आहे मड. म्हणजे चिखल नव्हे, आणि मालाडपलीकडचं मढ बेटही नव्हे. मल्टी यूजर डंजन, या तीन शब्दांची आद्याक्षरं. डंजन म्हणजे किल्ल्याखालचं तळघर, भुयार. अनेक माणसं एकाच वेळी एकाच भुयारात उतरून खेळतात, असा हा कॉम्प्युटर गेम. त्यात चित्र नाही, आवाज नाही, फक्त अक्षरं.

मागे एकदा ओझरता उल्लेख केला होता तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की अरे, चित्रच नाही तर पडद्यावर दिसतं काय? म्हणून आपल्या पनवेलचंच एक उदाहरण बनवून वाचतो. समजा गेममध्ये तुम्ही एका जागी पोचलात, तर एवढं दिसेल:

कर्नाळ्याच्या सुळक्याखाली.
अंगठ्यासारखा सुळका थेट डोक्यावर. पायथ्याशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी ओळीने. वरून मधमाश्यांची गुणगुण ऐकू येते.
वाटा: दक्षिण, खाली.
एक थकलेला शिलेदार इथे बसला आहे.

बस. आता तुम्ही 'खाली' असं टाइप करायचं, एंटर मारायचं, की पुढच्या जागेचं वर्णन येतं. शिलेदाराशी बोलायचं तर बोला, मारायचं तर मारा. आणि तो शिलेदार कदाचित गेमने ठेवलेलं पात्र नसेलही. फिनलंडमध्ये रात्रपाळी करणारा एखादा खराखुरा माणूस असेल. आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकून वाढलेल्यांना यात काही अवघड वाटणार नाही. दरवाजा करकरला की वाडा आपला आपण डोळ्यांपुढे उभा राहायचा. इथे फरक एवढाच, की दरवाजा तुम्ही उघडता.

सुरुवात झाली १९७८ मध्ये, इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात. रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने हा खेळ लिहायला घेतला. मशीन डेक कंपनीचं पीडीपी-१०, भाषा असेंब्ली. त्याच्या आधी एकट्याने खेळायचे अक्षरी खेळ होते. विल क्राउदरने लिहिलेला आणि १९७७ मध्ये डॉन वुड्सने वाढवलेला 'ॲडव्हेंचर', मग एमआयटीतल्या मुलांचा 'झॉर्क'. ट्रबशॉची भर कोणती? पीडीपी-१० वर एक सोय होती. मेमरीचा एखादा तुकडा एकाहून जास्त लोकांच्या प्रोग्रॅमना एकाच वेळी वाचता आणि बदलता यायचा. ट्रबशॉने अख्खं भुयार त्या सामाईक तुकड्यात नेऊन ठेवलं. म्हणजे तुम्ही दिवा उचललात की मला तिथे दिवा दिसणार नाही. वाचायला किरकोळ वाटतं, पण 'आपण दोघं एकाच जागी आहोत' ही भावना तिथून सुरू होते. आजचे सगळे ऑनलाइन खेळ त्या दिव्याचे देणेकरी आहेत.

ट्रबशॉ विद्यापीठातून बाहेर पडला आणि १९८० मध्ये खेळ रिचर्ड बार्टलच्या हातात आला. जागा, कोडी, राक्षस, यातला बराचसा भाग बार्टलचा. तुमच्या घरी माइनक्राफ्ट खेळणारं कुणी असेल तर 'मॉब आला, मॉब आला' हे ऐकलं असेल. तो शब्द या दोघांच्या खेळातला. फिरती पात्रं म्हणून मोबाइल, त्याचं मॉब. बार्टल साध्या घरातला, यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या गावातला. त्याने नंतर अनेकदा सांगितलंय की इंग्लंडमधल्या वर्गभेदाचा त्याला आणि ट्रबशॉला राग होता. तुझा बाप कोण, तू बोलतोस कसा, यावर तिथे माणसाची पायरी ठरायची. त्यांना अशी जागा हवी होती जिथे आत येणारा प्रत्येक जण शून्यापासून सुरुवात करेल आणि स्वतःच्या हुशारीवर वर चढेल. हे लक्षात ठेवा. मला या इतिहासात सगळ्यात जास्त रस याच गोष्टीत आहे: दार कोणाला उघडं होतं.

कारण मशीन विद्यापीठाचं. दिवसा तिथे कामं चालायची. बाहेरून टेलिफोन आणि मॉडेम वापरून येणाऱ्यांना मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत खेळायची मुभा होती. लोक गजर लावून उठायचे आणि वर टेलिफोनचं बिल भरायचे. हे पुढची वीस वर्षं जगभर चालू राहिलं. दुसऱ्याच्या मशीनवर, रात्री, कोणी हाकलत नाही तोवर.

एसेक्सनंतर याची पोरंबाळं झाली. वेल्समधल्या ॲबरिस्टविथ विद्यापीठात ॲलन कॉक्सने १९८७ मध्ये ॲबरमड लिहिलं. होय, लिनक्सवाला ॲलन कॉक्स. स्वीडनमध्ये लार्स पेन्स्योचं एलपीमड आलं. आणि ऑगस्ट १९८९ मध्ये अमेरिकेत कार्नेगी मेलनला जेम्स ॲस्पनेसने टायनीमड सुरू केलं. त्यात मारामारी जवळजवळ नव्हतीच, पण कोणीही खेळाडू नवी खोली बांधू शकायचा. लोकांनी इतकं बांधलं, इतकं बांधलं की ते अवाढव्य झालं, आणि एप्रिल १९९० मध्ये बंद केलं गेलं. जेमतेम आठ महिने. कोणाचा वाडा, कोणाची बाग, कोणी मित्रासाठी लिहिलेली चहाची टपरी, सगळं एका रात्रीत गेलं. मडच्या इतिहासात हे वारंवार येतं. सर्व्हर कोणीतरी एक माणूस चालवत असतो. त्याची डिग्री पूर्ण होते, नोकरी लागते, लग्न होतं, कंटाळा येतो, आणि शेकडो लोकांचं एक गाव उठतं. धरणात गेलेल्या गावाचं निदान देऊळ तरी उन्हाळ्यात वर येतं.

यातून वाट काढली ती डेन्मार्कच्या पाच विद्यार्थ्यांनी. कोपनहेगन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सायन्स विभागाचं डॅनिश लघुनाव डिकू, म्हणून त्यांच्या खेळाचं नाव डिकूमड. १९९१ मध्ये त्यांनी संपूर्ण कोड लोकांना देऊन टाकला. अट साधी: यातून कोणत्याही मार्गाने नफा कमवायचा नाही, आणि लॉगिनच्या वेळी आमची नावं दिसली पाहिजेत. झालं, दोन-तीन वर्षांत त्याच्या शेकडो प्रती धावायला लागल्या. मर्क, रॉम, आणि १९९३ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या जेरेमी एल्सनचं सर्कलमड. सगळ्यांत तेच मूळचं मिडगार्ड शहर, तेच देऊळ जिथे नवा खेळाडू जन्माला येतो, तोच बेकरीवाला, तीच 'ग्रंटिंग बोर' नावाची खाणावळ. तुम्ही ब्राझीलचा सर्व्हर लावा नाहीतर पोलंडचा, देवळातून बाहेर पडलात की बाजार कुठल्या दिशेला ते पायांना माहीत असतं.

नफाबंदीच्या त्या अटीबद्दल इंजिनिअर मंडळींत अजून भांडणं होतात. काही जण म्हणतात, तिच्यामुळेच मड गरीब राहिलं आणि पैसा दुसरीकडे गेला. १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' हा चित्रांचा खेळ आला तेव्हा तो इतका डिकूसारखा होता की कोड उचलल्याची कुजबुज झाली. शेवटी त्याच्या कर्त्यांनी शपथपत्र देऊन सांगितलं की कोड आमचाच आहे, आणि डिकूवाल्यांनी ते मान्य केलं. माझं मत विचाराल तर ती अट होती म्हणून कोड आज माझ्या लॅपटॉपवर आहे. पैसा असता तर खेळ कंपनीचा झाला असता आणि कंपनीबरोबर गेला असता.

आता आपल्याकडे येऊ. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यात विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ५०० रुपयांचं एक खातं होतं. त्याला शेल अकाउंट म्हणायचे. त्यावर फक्त अक्षरं दिसायची, चित्रं दाखवणारं खातं कित्येक पट महाग होतं. तो वेग समजून घ्या. ९६०० बिट सेकंदाला. एका अक्षराला साधारण दहा बिट धरले तर सेकंदाला ९६० अक्षरं. आज मोबाइलवरून काढलेला दोन एमबीचा फोटो त्या लाइनवर यायला अर्धा तास पुरला नसता. पण कर्नाळ्याचं मघाचं वर्णन? सेकंदही लागला नसता. म्हणजे ज्याला तेव्हा लोक 'गरिबाचं इंटरनेट' म्हणून नाक मुरडायचे, त्यावर मड मात्र अमेरिकेत चालतं तसंच्या तसं चालायचं. टेलनेट टाइप करा, पत्ता टाका, पोर्ट नंबर टाका, आत. सायबर कॅफे आणि विंडोज आल्यावर लोकांना चित्रं मिळाली आणि ही वाट बहुतेकांनी सोडली.

मी यात उशिरा आलो. २०१४, बीटेकचं पहिलं वर्ष, हॉस्टेल. कॉलेजच्या वायफायवर गेमच्या साइट बंद होत्या, टेलनेट मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. एका सीनियरने काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दाखवली आणि म्हणाला, "बघ, हॅकिंग करतोय." प्रत्यक्षात तो एका गुहेत कोळी मारत होता. तिथे जो चिकटलो तो दहा वर्षं. सर्कलवर बांधलेलाच एक खेळ होता, चालवणारा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा. त्यांच्या रात्री नऊला मोठी मोहीम निघायची, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेसहा, त्यांचा हिवाळा असेल तर साडेसात. आईला वाटायचं, पोरगा अभ्यासाला उठला.

नोकरी लागल्यावर खेळ लोकलमध्ये सुरू झाला. पनवेल ते सीएसएमटी, सव्वा तासाहून जास्त. मानखुर्द-वाशीच्या खाडीपुलावर लाइन तुटायची. मडमध्ये लाइन तुटली की तुमचं पात्र गायब होत नाही, तिथेच दगडासारखं उभं राहतं. त्याला लिंकडेड म्हणतात. मग बरोबरचे लोक त्या दगडाला वाचवत बसतात. माझ्या गटाला हार्बर लाइनचं वेळापत्रक पाठ झालं होतं. कॅनडातला एक जण मला विचारायचा, "तुझी खाडी आली का?"

त्याच गटात एक मराठी माणूस सापडला तो अगदी अपघाताने. मोठ्या लढाईत आमचा पुढचा योद्धा पडला आणि सगळ्यांना ऐकू जाणाऱ्या चॅनलवर कोणीतरी रोमन लिपीत लिहिलं, 'आयला मेला.' मी लगेच विचारलं, 'कुठचा रे तू?' तो निघाला सातारा जिल्ह्यातला, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. तेव्हापासून मी त्याला दादा म्हणतो. पुढे वर्षभराने सहज बोलता बोलता कळलं की दादाला दिसत नाही, जन्मापासून. तोवर मला पत्ता नव्हता, कारण आमच्यात सगळ्यात वेगाने खेळणारा तोच होता.

यात नवल नाही हे मला नंतर समजलं. जगभरच्या मडमध्ये अंध खेळाडू मोठ्या संख्येने आहेत. स्क्रीन रीडर अक्षरं वाचून दाखवतो, आणि इथे अक्षरांशिवाय दुसरं काही नाहीच. ऑस्ट्रेलियात मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर सुरू केल्यावर तर हजारो रुपयांच्या सॉफ्टवेअरचीही गरज उरली नाही. दादा तो इतक्या वेगाने ऐकतो की मला नुसती खरखर ऐकू येते. त्याला चीड फक्त एका गोष्टीची: काही हौशी लोक रेघा आणि ताऱ्यांनी नकाशे काढतात. ते वाचताना कानात 'तारा, रेघ, रेघ, तारा' एवढंच येतं. तो म्हणतो, "वाट कुठे जाते ते तोंडाने सांग की लेका. आमच्या गावात सांगतात तसं."

दोन वर्षांपूर्वी आमचा खेळ बंद झाला. मालकाने आठवडाभर आधी कळवलं, भांडण नाही, तंटा नाही. तो थकला होता. शेवटच्या दिवशी सगळे मिडगार्डच्या देवळात येऊन उभे राहिले. मग पडद्यावर लाइन तुटल्याची एक ओळ आली. दहा वर्षांचं पात्र, आणि मागे उरली लॉग फाइल. दादाने फोन केला. "आता कुठं जायचं?" मी म्हणालो, "कोड तर सगळ्यांचाच आहे, आपण बांधू." तो म्हणाला, "मग मराठीत बांध. मराठीत राक्षस मारायची लई दिवसांची हौस आहे."

मी सर्कलमडचा कोड उतरवला, चालू केला, आत शिरलो आणि देवनागरीत टाइप केलं: नमस्कार. खेळाने काहीच उत्तर दिलं नाही. चूक झाली असंही म्हणाला नाही, फक्त नवा प्रॉम्प्ट दाखवला. कोड उघडून बघितला तर खेळाडूकडून आलेली ओळ वाचणाऱ्या फंक्शनमध्ये एक तपासणी आहे: आलेलं प्रत्येक चिन्ह आस्कीतलं आहे का आणि छापण्याजोगं आहे का? नसेल तर ते टाकून द्या. आस्की म्हणजे १२८ चिन्हांचा अमेरिकन तक्ता, त्यात रोमन अक्षरं, आकडे, विरामचिन्हं. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि ते तिन्ही बाइट त्या १२८ च्या बाहेरचे. 'नमस्कार'मध्ये सात चिन्हं, एकवीस बाइट. एकवीसच्या एकवीस दारातच गळून पडले.

यात कोणाचा दुष्टावा नाही. टेलिफोन लाइनवर तेव्हा खरोखर कचरा यायचा आणि तो गाळायला ती तपासणी गरजेची होती. पण तारखा बघा. डिकूचा कोड खुला झाला १९९१ ला. त्याच साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक ठरलं. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ ची आणि तिच्यात देवनागरी होती. पुण्यात सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं, ते पीसीत बसवलं की साध्या अक्षरी प्रोग्रॅममध्ये मराठी उमटायची. म्हणजे शब्दांची दुनिया बांधणारा कोड आणि ते शब्द मराठीत दाखवणारं यंत्र एकाच काळात जगात होतं. दोन वेगळ्या गावांत. आणि समजा कोणी इस्कीतून टाइप केलं असतं तरी त्या दाराने तेही गिळलं असतं, कारण इस्कीची देवनागरी १२८ च्या वरच बसवलेली होती. ज्या खेळाची कल्पनाच 'कोणीही या, शून्यापासून सुरुवात करा' अशी होती, त्याच्या उंबऱ्यावर आपली लिपी पस्तीस वर्षं अशी आवाज न करता गळत आली आहे.

ती अट काढायला पाच मिनिटं लागली. खरी मजा पुढे आली. डिकू ओळीतला पहिला शब्द क्रियापद मानतो: मार राक्षस, उचल तलवार. आपण असं बोलतो का? आपण म्हणतो, तलवार उचल. मग मी शेवटचा शब्द क्रियापद धरायला लावला. लगेच 'बोल' ही आज्ञा मोडली, कारण 'बोल'च्या पुढे माणूस काहीही बोलतो आणि शेवटचा शब्द काहीही असतो. डिकूत बोलण्यासाठी अपॉस्ट्रॉफीची एक जुनी पळवाट आहे, तिने वेळ निभावली. मग विभक्ती. वस्तूचं नाव ठेवलं 'घोडा', खेळाडू लिहितो 'घोड्याला'. 'विहीर' ठेवली, तो लिहितो 'विहिरीत'. खेळ म्हणतो, असं इथे काही नाही. शाळेत सामान्यरूप शिकताना ज्याचा वैताग यायचा तेच आता कोडमध्ये लिहितोय: प्रत्येक वस्तूला दोन नावं, घोडा आणि घोड्या, विहीर आणि विहिरी, आणि पुढचा प्रत्यय कापायचा.

दिशांचं तर विचारू नका. मडमध्ये दिशेचं पहिलं अक्षर टाइप केलं की पुरतं. 'प' मारलं की खेळ यादीत आधी येणाऱ्या पूर्वेला जातो, पश्चिमेला जायचं तर दोन अक्षरं. लढाईतून पळताना एवढा वेळ नसतो. दादा म्हणाला, "उगवत आणि मावळत ठेव, गावाकडं तसंच म्हणतात." उगवत ठेवली तर 'उ' उत्तरेशी भांडायला लागला. शेवटी पूर्व राहिली आणि पश्चिमेची मावळत झाली. उ, द, प, म. व्याकरणाच्या मास्तरांनी रागवू नये, बोटांना हे चालतं.

एक प्रश्न अजून अडकलाय. इंग्रजी खेळ 'यू' म्हणतो आणि सुटतो. आपल्याला तू की तुम्ही ते ठरवावं लागतं, आणि तू म्हटलं की 'उभा' की 'उभी' हे आलंच. डिकूत ही, शी, हिज, हर यांच्यासाठी खुणा आहेत, त्या पात्राप्रमाणे आपोआप बदलतात. पण इंग्रजीत सर्वनाम बदललं की काम झालं, मराठीत क्रियापदही बदलतं. तो तलवार उचलतो, ती उचलते. म्हणजे शेकडो वाक्यं परत लिहायची. मघाचं कर्नाळ्याचं वर्णन आठवा, त्यात ना तू आहे ना उभा. ते दादाने लिहिलंय, सुळका न बघता. पायथ्याच्या टाक्यांचं पाणी हाताने बघून आलाय तो. मी बरोबर होतो, आणि वर गेल्यावर मला म्हणाला, "गप बस जरा, माश्या मोजू दे."

सध्या एकोणीस जागा झाल्या आहेत, अभयारण्याच्या फाटकापासून सुळक्यापर्यंत. कर्णाईच्या देवळात नवा खेळाडू जन्माला येतो. सुळक्याखाली दंगा केला तर मधमाश्या अंगावर येतात, आणि त्या फार कडक ठेवल्यात असं माझं म्हणणं आहे. दादा ऐकत नाही. जिस्ट कार्डाची गोष्ट आज घाईत झाली, ती पुढच्या भागात नीट सांगतो. भेटू.